वस्तीवरचा खडक

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. ओळखीतल्या एकाही माणसाला हे ठाऊक नाही — बायकोला नाही, शाळेतल्या सोबत्यांना नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या हिराआक्कांना तर नाहीच. सांगायचं ठरवून मी दोनदा डोंगर चढून त्यांच्या वस्तीवर गेलो. दोन्ही वेळा चहा पिऊन खाली आलो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. आमच्या सातारा जिल्ह्याची गंमत अशी की पाटण-मेढ्याकडं पावसात घराबाहेर पाऊल टाकता येत नाही, आणि आमच्या पूर्वेच्या अंगाला ढग नुसते तोंड दाखवून जातात. गाव डोंगराच्या पायथ्याशी. माथ्यावर धनगरांची लहानशी वस्ती. वस्तीला एक आड आहे, तो होळीपर्यंत कसाबसा पुरतो. मग वस्तीवरच्या बायका घागरी घेऊन खाली गावात येतात आणि भरलेल्या घागरी घेऊन डोंगर चढतात. लहानपणापासून मी हे बघत आलो. बघत आलो म्हणजे काय — दिसत होतं, इतकंच.

आता माझ्याबद्दल. मला कामं तडीला न्यायची हौस आहे. शाळेचं स्नेहसंमेलन असो, कुणाच्या मुलीचं लग्न असो, गावची जत्रा असो — कोण कुठं उभं राहणार, कशानंतर काय होणार, ऐनवेळी अडलं तर काय करायचं, सगळं माझ्या डोक्यात आधीच तयार. गावात म्हणायचे, सरांच्या हातात काम दिलं की बाकीच्यांनी खुशाल झोपावं. हे ऐकून मला बरं वाटायचं. बरं कसलं — चढायचं मला. तुम्हाला कधी असं झालंय का? लोक आपल्यावर विसंबतात याचीच नशा व्हायला लागते, आणि मग ते कशासाठी विसंबलेत हे हळूहळू मागं पडतं.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागात पाण्याच्या कामाचं वारं शिरलं. गावोगावची माणसं उन्हाळ्यात टिकाव-फावडी घेऊन डोंगरावर जायला लागली. चर खणायचे, बांध घालायचे, पावसाचं पाणी पडेल तिथंच मुरवायचं. आमच्या गावानंही ते काम घ्यायचं ठरवलं आणि ग्रामसभेत एका सुरात माझं नाव निघालं. मी प्रशिक्षणाला जाऊन आलो. तिथं एक गोष्ट सगळ्यांच्या डोक्यात ठोकून बसवली होती: काम माथ्यापासून सुरू करायचं, आधी वरचं पाणी अडवायचं, मग खाली यायचं. आमचा ओढा निघतो तोच मुळी वस्तीच्या कडेला. तिथं एक मोठा मातीचा बांध पडला की वस्तीचा आड उन्हाळाभर आटणार नाही. यात न कळण्यासारखं काहीच नव्हतं.

अडचण वेगळीच होती. वरची जमीन वस्तीची, कामाला लागणारे निम्मे हात वस्तीचे, आणि वस्ती उन्हाळ्यात जागेवर नसते. दिवाळी झाली की धनगर मेंढरं घेऊन खाली सांगलीकडं, कृष्णाकाठच्या रानांत उतरतात. ऊस तुटलेल्या शेतात मेंढरं बसवायची. शेतकऱ्याला खत मिळतं, मेंढरांना चारा. मागं राहतात ती म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या बायका आणि शाळेची पोरं. मग मी मोटरसायकल काढली आणि मिरजेच्या अलीकडं त्यांचा वाडा शोधत गेलो. मेंढरांचा तळ पडतो, त्याला ते वाडा म्हणतात.

ते रान एका जैन शेतकऱ्याचं होतं. भला माणूस. त्यांनी मला सावलीत बसवलं, ताक दिलं आणि चेष्टेनं म्हणाले, मास्तर, तुम्ही माझं खत पळवायला आलाय. तेवढ्यात हिराआक्का आल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण वाडा कुठं हलवायचा, कुणाच्या रानात बसवायचा, हे आक्का ठरवायच्या आणि वस्ती ऐकायची. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मेंढरं परत वर न्यायची सोय नव्हती, वर ना चारा ना पाणी. म्हणजे चार माणसं मेंढरांपाशी ठेवून बाकीच्यांनी यायचं. एवढ्या थोड्या माणसांवर एवढी मेंढरं सोडून यायचं म्हणजे काय, हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात त्यांची बरीच कोकरं दगावली. लांडगा, रोगराई, राखणीला माणूस कमी.

आक्कांनी एकच विचारलं.

"पैला बांध कुटं घालणार, सर?"

मी म्हणालो, तुमच्या वस्तीवर. आधी वस्ती, मग गाव.

त्यांनी कनवटीची पिशवी सोडली आणि माझ्यापुढं धरली. "मग भंडारा उचला. म्हंजी झालं."

भंडारा म्हणजे देवाची हळद. त्यांच्यात ती हातात घेऊन दिलेला शब्द म्हणजे शेवटचा शब्द. त्यावर कागद होत नाही, साक्षीदार लागत नाही, आणि पुन्हा कुणी विचारत नाही. मी वर्गात पोरांना असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका म्हणून शिकवणारा माणूस. मनात म्हटलं, हळदच तर आहे. चिमूट उचलली, देवाचं नाव घेऊन म्हणालो, पहिला बांध वस्तीवर. आक्कांनी माझ्या कपाळाला भंडारा लावला आणि आठवड्याच्या आत वस्ती डोंगरावर हजर झाली.

त्या दिवशी मी खोटं बोलत नव्हतो. हे सूट मिळावी म्हणून सांगत नाही. उलट — खोटं बोलायचं ठरवून गेलेला माणूस निदान स्वतःला ओळखून असतो.

काम सुरू झालं. पहाटे पांढऱ्या फक्कीनं जमिनीवर रेषा मारायच्या, उन्हं चढायच्या आत चर खणून घ्यायचे, मग न्याहारी. गावातली माणसं यायची-जायची. कुणाचं लग्न, कुणाच्या तालुक्याला खेपा. वस्तीची माणसं रोज. आक्का घमेली उचलायच्या, आणि बसा म्हटलं की हसायच्या. मी शिट्टी गळ्यात घालून हिंडत होतो. फोटो काढत होतो. कोणत्या दिवशी काय व्हायचं ते त्याच दिवशी होत होतं. खरंच सांगतो, त्या दिवसांत मी फार सुखात होतो.

मग एका संस्थेनं मोठ्या बांधासाठी पोकलेन मशीन देऊ केलं. डिझेल गावाचं, आणि मिळालेल्या वेळात एकच मोठा बांध होण्यासारखा. ज्या दिवशी मशीन गावात आलं त्या दिवशी जेवताना आण्णा, म्हणजे माझे वडील, ताटातून मान वर न करता म्हणाले, "वर आडवल्यावर खाली काय यायचं रं?"

बस, एवढंच. 

आमची विहीर ओढ्याकाठी, गावाच्या वरच्या अंगाला. तिच्यावर आण्णांनी म्हातारपणी हौसेनं लावलेली डाळिंबाची बाग. पाऊस बरा झाला तर वर बांध असूनही खाली पाणी येईल. पण आमच्याकडं पाऊस बरा होतो कधी? कमी पावसाच्या वर्षी वस्तीचा बांध सगळा ओढा पिऊन टाकणार, आणि आमच्या विहिरीला झरा फुटणार नाही. आण्णांचं बरोबर होतं. इथं वडिलांना पुढं करणं मला फार सोपं आहे. ते आता नाहीत, उलट बोलायला येणार नाहीत. पण त्यांनी फक्त विचारलं होतं. पुढचं सगळं माझं.

मी रेंगाळतोय, कळतंय मला. विहीर, बाग, पाऊस — हे सगळं मी का सांगत बसलोय? कारण पुढचं वाक्य लिहायला हात उठत नाही.

दुसऱ्या दिवशी वस्तीची माणसं पहाटेच खालच्या चरांवर गेलेली. ती वर यायच्या आत मी मशीन घेऊन माथ्यावर गेलो. बांधाच्या जागी आधी चाचणीचा खड्डा घ्यायचा असतो. खाली काय लागतंय ते बघायचं, मग बांध. ऑपरेटर परमुलखातला होता. त्यानं मशीनचा पंजा घातला आणि तो सरळ आत गेला. पुरुषभर खोल गेलो, तरी मऊ, पिवळसर मुरूम. पाणी मुरायला याच्याहून चांगली जागा शोधून सापडली नसती. ऑपरेटर वरून हसून म्हणाला, साब, एकदम नरम. मी त्याला खड्डा बुजवायला सांगितला. मग ओढ्यातले काळे धोंडे आणवले आणि त्या मातीवर पसरायला लावले. त्यानं का म्हणून विचारलं नाही. त्याला दुसऱ्या दिवशीही मशीनच चालवायचं होतं.

माणसं वर आली तेव्हा मी धोंड्यांपाशी उभा होतो. म्हणालो, खाली काळा पाषाण लागलाय. पाणी मुरणार नाही, बांध वाया जाईल. मोठा बांध खाली गावाजवळ घ्यावा लागेल.

हे मी केलं.

माझा आवाज कापला नाही. तुम्हाला वाटेल, कापला असेल. नाही. वर्गात गणित समजावून सांगतो त्या आवाजात मी सांगितलं, आणि वर दुःखी चेहराही केला.

वस्तीतला बिरा म्हणून एक तरणा गडी होता, आक्कांचा पुतण्या. तो म्हणाला, आमच्या म्होरं परत येकदा खणून बगू की. दोघातिघांनी मान डोलावली. त्या वेळी कुणी नुसता एक धोंडा बाजूला केला असता तरी संपलं होतं. आक्का पुढं आल्या.

"सरांनी भंडारा उचललाय, बिरा. फिरून बगायचं म्हंजी त्यांला खोटं पाडायचं व्हय?"

बिरानं खाली बघितलं. मीही.

मशीन खाली आलं. आमच्या विहिरीच्या वरच्या बाजूला बांध उभा राहिला. गावातल्या आणखी दोन-चार विहिरींनाही त्याचा फायदा होणार होता, त्यामुळं गाव खूश. बांधाच्या तोंडाला दगड बसवायचे होते. ते दगड डोंगरावरून कुणी वाहून आणले असतील? वस्तीच्या माणसांनी. काम संपवल्याशिवाय जायचं नाही, असं आक्का म्हणाल्या. ठरल्या दिवसाच्या आधी काम संपलं. माझं एकही काम वेळ चुकवून झालेलं नाही.

पाऊस पडला. फार नाही, आमच्याकडं पडतो तेवढाच. बांध भरला, आमची विहीर चढली, आण्णा काठावर जाऊन बसायला लागले. तालुक्याला माझा सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळालं. दुसऱ्या गावांतून बोलावणी येऊ लागली, पार सांगलीच्या बाजूपर्यंत. एखादं काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत कसं न्यावं, यावर मी बोलायचो. माणसं जोडावीत, त्यांचा विश्वास मिळवावा, अडचण आली तर योजना बदलायला कचरू नये. हे मी माईकवर बोललोय. लोकांनी टाळ्या वाजवल्यात, आणि घरी जाताना मला वाईटही वाटलं नाही. वाईट वाटायला लागलं ते नंतर, श्रावणात.

श्रावणातल्या एका रविवारी बिरा जेवायचं आवतन घेऊन आला. वस्तीवर देवाचा निवद होता. मी गेलो. सगळी वस्ती देवळापुढं जमलेली. पुरणपोळीचा निवद दाखवला, आणि पहिलं पान माझं वाढलं. मी घास घेणार तोच आक्का समोर आल्या, आणि त्यांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं. माझ्या आईच्या वयाची बाई. मी मागं सरकलो तर म्हणाल्या,

"सर, तुमी भंडारा उचलला म्हंजी तुमचं मन साफ हुतं. तरीबी खडक लागला. म्हंजी आमच्यातच कुनाचं तरी चुकलंय. देवाला राग आलाय, आन त्यात तुमचं कष्ट वाया गेलं. माफी करा आमाला."

सगळी वस्ती हात जोडून उभी. त्यांनी आपसांत बसून कुणाचं काय चुकलं याचा शोध घेतला होता. एका पोरीनं मागं कधीतरी निवदाच्या आधी पोळी खाल्ली होती म्हणे, तिला सगळ्यांसमोर देवापुढं नाक घासायला लावलं होतं. नऊ-दहा वर्षांची पोर, माझ्याच शाळेत चौथीत. कोपऱ्यात बसून ती माझ्याकडं बघत होती. आणि आक्कांनी नवस बोलला होता, वस्तीवर पाणी लागेपर्यंत पायात काही घालणार नाही म्हणून.

सांगायची ती वेळ होती. तोंड उघडायचं आणि सांगायचं, एवढंच. काय झालं असतं? मारलं असतं? बिरानं मारलंही असतं. मारायलाच हवं होतं. मी काय केलं माहीत आहे? आक्कांना उठवलं आणि म्हणालो, असू द्या, देवाची इच्छा. वर्गात अंधश्रद्धेवर बोलणारा मी — देवाची इच्छा, म्हणालो. मग पुरणपोळी खाल्ली. वाढायला आल्या तेव्हा आणखी एक घेतली.

पुढच्या दोन-तीन वर्षांत आमच्या बागेवर तेल्या रोग आला. फळांवर डाग, फांद्या काळ्या. झाडं उपटून टाकावी लागली. नंतर आण्णाही गेले. आता तिथं थोडी ज्वारी होते, विहिरीचं पाणी निम्मं पडून असतं. ज्यासाठी खोटं बोललो ते उरलंच नाही. म्हणजे आता तरी खरं सांगायला काय हरकत होती? मी स्वतःला हेच विचारत होतो. वेळ आली की सांगू, असं उत्तर देत होतो.

वेळ आली. गेल्याच हिवाळ्यात.

सरकारी कार्यालयातला एक तरुण इंजिनिअर शाळेत आला. वस्तीसाठी बांध मंजूर होण्यासारखा होता, त्याला जागा बघायची होती. गावात ज्याला विचारलं त्यानं माझंच नाव सांगितलं. आम्ही वर गेलो. आक्का पुढं, अनवाणी, काट्याकुट्यांतून. आता थकल्यात, वाड्याबरोबर जात नाहीत, थांबत थांबत चढतात. जागेवर पोचलो. धोंडे तसेच पडलेले, त्यांच्यात तरवड उगवलेला. पोरगं हुशार होतं. इकडं तिकडं फिरून बघितलं आणि म्हणालं, सर, जागा तर एकदम छान दिसते. खाली खडक आहे असं तुम्ही पूर्वी सांगितलं होतं म्हणे?

ऐका आता. मला गुन्हा कबूल करायची गरजही नव्हती. तेव्हा घाईत नीट बघितलं गेलं नसेल, पुन्हा खणून बघा — एवढंच म्हणायचं होतं. माझी अब्रू राहिली असती, वस्तीला पाणी मिळालं असतं. कुणालाही काही कळलं नसतं.

पण त्या क्षणी मला पुढचं दिसलं. पंजा सरळ आत जाणार. बिरा बघणार. त्याच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून जे आहे ते खरं ठरणार. मग गाव, मग तालुका, मग ज्या ज्या गावांत मी भाषणं केली ती गावं. सरांचं चुकलं होतं, एवढं जरी लोक म्हणाले असते तरी ते मला सोसलं नसतं. बाग नव्हती, आण्णा नव्हते, पाण्याची गरज नव्हती. फक्त माझं नाव होतं.

मी म्हणालो, हो, पाषाण आहे. मी स्वतः खणून बघितलाय.

इंजिनिअर थोडा घुटमळला. तरी एकदा खणून बघू का, म्हणाला. माझ्या वतीनं आक्का बोलल्या.

"कशाला साहेब? सरांनी सोता बगितलंय. ह्यो मानूस आमच्याशी खोटं बोलायचा न्हाई."

त्यानं टेप गुंडाळला. उतरताना तो पुढं गेला आणि आक्का माझ्यासोबत मागं राहिल्या. माझा चेहरा उतरला असणार. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुमी मनाला लावून घिऊ नगा, सर. तुमी काय कमी केलं का आमच्यापायी?"

मी काही बोललो नाही. खाली येईपर्यंत नाही, आणि त्यानंतरही नाही. तो बांध दुसऱ्या गावाला गेला. सध्या उन्हाळा आहे. वस्तीवरच्या बायका रोज घागरी घेऊन आमच्या दारावरून जातात, आणि मी ओट्यावर असलो की चढाला लागण्याआधी थांबून मला नमस्कार करतात.